नीटची तयारी खानदेशातून: पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

चोपडा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. दहावीचा निकाल लागला की घरी माणसं यायला लागतात. कुणी केळीच्या बागेतून तसंच येतं, कुणी सातपुड्याच्या पाड्यावरून दोन गाड्या बदलून. प्रश्न नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचे, आणि बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. नियम दरवर्षी थोडे बदलतात. त्यामुळे फॉर्म भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचायचीच. क्लासवाल्याने किंवा कॅफेवाल्याने सांगितलं यावर थांबायचं नाही.

नीट दिल्याने नेमकं कुठे कुठे जाता येतं?

एमबीबीएस आणि बीडीएस तर आहेच. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी यांचे पदवी प्रवेशही याच गुणांवर होतात. आपल्या राज्यात फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकसाठीही हेच गुण धरतात. एम्स आणि जिपमेर या केंद्रीय वैद्यकीय संस्थांच्या वेगळ्या परीक्षा २०२० पासून बंद झाल्या. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयालाही नीटच लागते. बी.एस्सी. नर्सिंगची राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) वेगळी असते. फार्मसी आणि कृषीला एमएचटी-सीईटी लागते. हे फॉर्म वेगवेगळ्या वेळी निघतात आणि नीटच्या नादात दरवर्षी कुणी ना कुणी ते चुकवतं.

पेपर कसा असतो?

२०२५ मध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास असा पेपर होता. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, सोडलं तर शून्य. कोविडच्या काळात आलेले 'यातले कोणतेही दहा सोडवा' हे पर्याय आता गेले. उत्तरं काळ्या बॉलपेनाने ओएमआर पत्रिकेवर गोल भरून द्यायची होती, आणि एकदा भरलेला गोल बदलता येत नव्हता.

पास व्हायला किती गुण लागतात?

'पास' हा शब्द इथे फसवतो. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल आणि एससी, एसटी, ओबीसीला ४० पर्सेंटाइल लागतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी शंभरात किती जण तुमच्या मागे आहेत, तो आकडा. म्हणूनच खुल्या प्रवर्गाची पात्रता २०२४ मध्ये १६२ गुणांवर थांबली आणि २०२५ मध्ये, पेपर अवघड निघाल्यावर, १४४ वर आली. तेवढ्या गुणांवर सरकारी कॉलेजात जागा मिळत नाही. 'क्वालिफाय झाली' म्हणून गावात पेढे वाटायच्या आधी मागच्या वर्षीच्या राज्याच्या फेऱ्यांत आपल्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, ते काढून बघा. राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कॉलेजवार याद्या असतात. बारावीत भौतिक, रसायन, जीव मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात, तेही सुटता कामा नये.

"मॅडम, पोरगीले लातूरले धाडू का? का कोटाले?"

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि तो विचारताना बापाचा आवाज बदललेला असतो, कारण मागे एखादं शेत गहाण टाकायचा विचार चाललेला असतो.

आधी राजस्थानातल्या कोटा शहराचं. आपल्या राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, १५ टक्के देशपातळीवर. राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाचा दाखला लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली लागते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण शेतकऱ्याच्या पोराला त्या लागू होत नाहीत. राजस्थानातल्या शाळेत बारावीला नाव घातलं, तर हातातल्या ८५ टक्के जागांवर पाणी सोडल्यासारखं होतं. हे कुणी सांगत नाही आणि कळतं तेव्हा मूल बारावी होऊन बसलेलं असतं.

लातूरचं वेगळं. तिथे शिस्त आहे, सराव आहे, मुलं दिवसभर तेच करतात. जी पोर घरापासून लांब राहू शकते, जेवणखाण सांभाळू शकते आणि जिच्यासाठी कर्ज काढावं लागत नाही, तिने जावं. पण तिथे शिकवतात ते पुस्तक आणि इथे मिळतं ते पुस्तक एकच आहे. माझ्या वर्गातून गेलेल्यांपैकी काही दिवाळीलाच परत आली. त्यांना अभ्यास कळत नव्हता असं नाही. पन्नास जणांच्या यादीत आपलं नाव दर आठवड्याला खाली बघून ती खचली होती. सोळा वर्षांच्या मुलीला विचारल्याशिवाय पाठवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. तिला आजीसमोर नको, एकटीला बसवून विचारा.

आणि आता वैद्यकीय कॉलेजं आपल्याच दाराशी आली आहेत. पूर्वी खानदेशात सरकारी कॉलेज एकच होतं, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे. २०१८ मध्ये जळगावचं सुरू झालं, २०२० मध्ये नंदुरबारचं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची विभागवार वाटणीही २०२० मध्ये गेली. आता खानदेशचं मूल राज्यभरात सारख्याच हक्काने बसतं.

मराठी माध्यमातून दहावी झाली आहे. इंग्रजीमुळे मागे पडेल का?

पहिले चार महिने पडेल, पुढे नाही, जर त्या चार महिन्यांत मन लावून काम केलं तर. पेपर मराठीत देता येतो. नीट १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे. प्रश्नपत्रिकेत मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असतो, आणि भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजी धरलं जातं. पण अकरावी-बारावी विज्ञान आपल्याकडे इंग्रजीत होतं, सराव पेपर इंग्रजीत येतात आणि पुढे कॉलेजही इंग्रजीत असतं. म्हणून बहुतेकांना मी इंग्रजीच घ्यायला सांगते.

मात्र मराठी शब्द फेकून देऊ नका. मी मुलांना दोन रकाने आखायला लावते. एका बाजूला तंतुकणिका, दुसऱ्या बाजूला मायटोकाँड्रिया. एका बाजूला गुणसूत्र, दुसऱ्या बाजूला क्रोमोझोम. गेल्या वर्षी पाड्यावरची एक मुलगी मायटोसिस आणि मायोसिसमध्ये सारखी गोंधळायची. दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच. तिला म्हटलं, मायोसिसपुढे तुझ्या दहावीच्या पुस्तकातला शब्द लिही. तिने लिहिलं: अर्धसूत्री विभाजन. मग स्वतःच थांबून म्हणाली, "अर्ध... म्हणजे ४६ चे २३." पुढे तिचा तो प्रश्न कधी चुकला नाही. ज्या मुलांना दोन भाषांत तीच गोष्ट कळते, त्यांच्या हातात दोन किल्ल्या असतात.

बोर्डाचं पुस्तक वाचू की एनसीईआरटीचं?

जीवशास्त्रासाठी एनसीईआरटी, ओळ न् ओळ. आकृतीखालचा मजकूर, तक्ते, सगळं. रसायनात असेंद्रिय भागालाही तेच. बोर्डाच्या पुस्तकात बराचसा तोच विषय आहे, पण मांडणी वेगळी आहे आणि नीटचा प्रश्न अनेकदा एनसीईआरटीच्या वाक्याला धरून येतो. ही पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. मोबाइलवर मात्र वाचू नका. दोन-तीन घरांनी मिळून छापील संच घ्या, जुनाही चालेल. फक्त एक काळजी घ्या: २०२४ पासूनचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्याने दिला आहे आणि काही धडे वगळले आहेत. भावाच्या जुन्या नोट्सवरून तयारी करणारी मुलं गाळलेल्या धड्यांवर महिना घालवतात. अभ्यासक्रमाची यादी भिंतीवर चिकटवा आणि तीच खरी माना.

बोर्डाचा अभ्यास वेगळा काढायची गरज फक्त जानेवारीपासून फेब्रुवारी-मार्चची लेखी संपेपर्यंत असते. प्रात्यक्षिकं टाळू नका. लेखी संपल्यावर नीटपर्यंत दीड महिना मिळतो, तो पूर्ण उजळणीला जातो.

जीवशास्त्र पाठ होतं, पण सराव पेपरात गुण येत नाहीत. का?

कारण चुका मोजल्या जातात, उघडून बघितल्या जात नाहीत. पेपर झाला, ३८० आले, चुकलेल्या प्रश्नांवर लाल खूण केली, वही बंद. पुढच्या पेपरात तीच चूक. मला विचाराल तर सगळ्या तयारीत या एका सवयीवर सर्वात जास्त अवलंबून असतं.

चुकांची वेगळी वही करा. प्रश्न उतरवू नका, फक्त काय चुकलं आणि का चुकलं ते स्वतःच्या शब्दांत दोन ओळी. माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत हृदयाची झडप तीन वेळा आली होती. त्रिदल झडप उजवीकडे, हे तिला तोंडपाठ होतं, तरी आकृतीवरचा प्रश्न आला की डावीकडे खूण करायची. तिसऱ्या वेळी आम्ही पुस्तक उघडून बसलो. तेव्हा लक्षात आलं की आकृतीत हृदयाची उजवी बाजू कागदाच्या डाव्या हाताला येते, कारण चित्र समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं. ती कागदाची उजवी बाजू धरत होती. ती विसरत नव्हती, बघायला चुकत होती. आणखी शंभर वेळा पाठ करूनही हे सुटलं नसतं. त्या दिवशी मला स्वतःला समोर उभं करून तिने हाताने उजवं-डावं दाखवलं आणि वहीत चित्र काढलं.

अशी वही एप्रिलमध्ये दोनशे पानांची झालेली असते आणि शेवटच्या पंधरा दिवसांत दुसरं काही वाचावं लागत नाही.

फिजिक्सची भीती वाटते.

ती जवळपास सगळ्यांना असते. २०२५ मध्ये तर भल्याभल्यांना भौतिकशास्त्राने घाम फोडला. आपल्याकडच्या मुलांचं गणित करायचं सुटलेलं असतं, कारण बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेलं असतं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. म्हणून रोज वीस मिनिटं नुसती आकडेमोड करा: घातांक, वर्गमुळांचे अंदाज, अपूर्णांक. १.६ ने भागायचं म्हणजे ०.६२५ ने गुणायचं, अशा गोष्टी हातात बसल्या पाहिजेत. आधी एकक आणि मिती, मग गती, कार्य-ऊर्जा, विद्युत, आधुनिक भौतिकी. घूर्णन गतीवर अडकून तीन आठवडे घालवू नका. ते नंतरही येतं.

अंदाजाने उत्तर लिहावं का?

हिशेब करू. चार प्रश्न डोळे मिटून टाकले, तर सरासरीने एक बरोबर येतो: ४ गुण, आणि तीन चुकतात: वजा ३. हाती राहतो १ गुण, तोही नशीब सरळ असलं तर. दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर गोष्ट बदलते. अशा दोन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर, म्हणजे ४ वजा १, तीन गुणांचा फायदा. म्हणून नियम सोपा ठेवा: दोन पर्याय खोडता आले तर लिहा, एकही खोडता येत नसेल तर पुढे जा.

कापूस वेचणी आली की अभ्यास बंद पडतो. वीजही नसते.

हे कुणी लाजत सांगावं असं मी मानत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर घरात सगळे हात शेतात लागतात आणि मजुराला दिलेली मजुरी परवडत नाही. ज्या घरी हे टळत नाही, तिथे मी पालकांशी बोलून वेळ बांधून घेते. पहाटे चार ते सात पोरीचं, त्या वेळात चूलही तिच्याकडे नाही. वेचणीच्या दिवसांत अवघड विषय काढायचे नाहीत. जीवशास्त्राची उजळणी, चुकांची वही, जुने प्रश्न. विजेसाठी चार्जिंगचा दिवा घ्या आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर लावा. गावात वाचनालय किंवा ग्रामपंचायतीची खोली असेल, तर सरपंचांकडे चावी मागा. आमच्याकडच्या एका गावात आप्पांनी अशी खोली उघडून दिली आणि तिथे आता सात पोरं बसतात.

फुकट क्लास कुठे मिळतो?

ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची नीट-जेईई-सीईटीची ऑनलाइन तयारी आहे. दहावी झाल्यावरच अर्ज करावा लागतो. निवड झालेल्यांना टॅब आणि इंटरनेट डेटाही दिला गेला आहे. बारावीत येऊन चौकशी करणाऱ्यांना उशीर झालेला असतो. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा किंवा वसतिगृहात असाल, तर प्रकल्प कार्यालयात विचारा.

प्रवेश झाल्यावर फीचंही बघा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश शासकीय प्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. "पोरगी आहे, एवढा खर्च कशाला" असं म्हणणाऱ्या घरात मी हे आधी सांगते.

जात वैधता प्रमाणपत्र कधी काढायचं? आताच कशाला?

आताच. अकरावीच्या पहिल्या महिन्यात.

माझ्या नोकरीत मला सर्वात जास्त त्रास देऊन गेलेली गोष्ट हीच आहे. एका आदिवासी मुलाला सरकारी कॉलेज मिळेल एवढे गुण होते. वैधतेचा अर्ज निकालानंतर केला गेला. कागदपत्रं तपासायचा दिवस आला तेव्हा फाईल कार्यालयातच होती. त्याचे वडील तीन वेळा त्या कार्यालयात जाऊन आले, मीही एकदा गेले, आणि प्रवेशाची तारीख निघून गेली. तो अभ्यासात कमी पडला नव्हता.

अर्ज अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच कॉलेजच्या पत्रासह करता येतो. जात पडताळणी समितीला जुना पुरावा हवा असतो, आणि किती जुना हे प्रवर्गावर आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. हा पुरावा कुठे असतो? आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलमधला कोतवाल बुकाचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी. जुन्या नोंदी मोडीत असतील तर वाचून घ्याव्या लागतात. काका, आत्या किंवा चुलतभावाची वैधता झालेली असेल, तर तिची प्रत आधी मिळवा, काम फार सोपं होतं. आजोबा शाळेतच गेले नव्हते, असं पाड्यावर बहुतेक घरी निघतं. तिथे नोंदी शोधायलाच सहा महिने जातात आणि जमातीच्या प्रकरणात दक्षता पथकाची चौकशीही होऊ शकते. म्हणून आताच.

बाकीचे कागदही बघा. ओबीसी, विमुक्त-भटके, एसईबीसी यांना नॉन-क्रीमीलेअर लागतं आणि ते प्रवेशाच्या वर्षात चालू असलं पाहिजे. नीटचा फॉर्म केंद्राच्या यादीने चालतो. राज्यात एसईबीसी असलेला मराठा विद्यार्थी केंद्राच्या फॉर्ममध्ये ओबीसी लिहू शकत नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती पाच एकरांपेक्षा कमी लागते. सहा एकर कोरडवाहूवाला तिथे अडकतो. राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो, दोन्ही काढा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक असू द्या. 'पावरा' आणि 'पवार' या एका घोळात एक फॉर्म महिनाभर अडकलेला मी पाहिला आहे.

नंबर लागला नाही तर एक वर्ष ड्रॉप घ्यावा का?

प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण असली म्हणजे झालं. मी चुकांची वही मागून घेते. वही असेल आणि त्यातल्या चुका कमी होत गेलेल्या दिसत असतील, तर एक वर्ष जरूर द्या. वहीच नसेल, तर दुसरं वर्ष पहिल्यासारखंच जातं. तिसऱ्या वर्षाला मी सहसा नाही म्हणते. आयुर्वेद, पशुवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी यांना 'नंबर न लागलेल्यांचं' म्हणू नका, निदान मुलांसमोर तरी. केळीच्या पट्ट्यात आणि दुभत्या जनावरांच्या गावात पशुवैद्यकाची किती गरज आहे, हे आपल्याइतकं कुणाला माहीत?

मूल बोलेनासं झालं, जेवेनासं झालं, तर परीक्षा बाजूला ठेवा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

परीक्षेच्या दिवशी काय करायचं?

२०२३ ते २०२५ मध्ये पेपर मेच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला सुरू झाला. जळगावला तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर असतो. दीड वाजता फाटक बंद होतं आणि मग कुणाचं काही चालत नाही. चोपड्याहून, रावेरहून, धडगावहून सकाळी निघायचा धोका घेऊ नका. आदल्या दिवशी नातेवाइकाकडे मुक्काम करा आणि संध्याकाळी केंद्र बघून या. लग्नसराई असते, रस्ते अडतात, एसटी भरून जातात.

अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, चप्पल, घड्याळ नाही, दागिने नाहीत. पेन तिथेच मिळतं. प्रवेशपत्र, ओळखपत्र, फोटो आणि पारदर्शक बाटलीत पाणी. सकाळी भाजी-भाकरी साधीच, शेवभाजीचा झणका त्या दिवशी नको. निघताना कैरीचं पन्हं द्या. केंद्राबाहेर पालकांनी उन्हात उभं राहू नये, लेकराचं लक्ष तुमच्याकडे लागतं.

पेपर सोडवताना आधी जीवशास्त्र, पन्नास मिनिटांत. मग रसायन, शेवटी भौतिकशास्त्र. गोल सगळे शेवटी भरायला ठेवू नका, पानागणिक भरत जा.

फाईलमध्ये काय काय ठेवू?

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्न, आधार, नीटचं प्रवेशपत्र आणि निकाल, फॉर्मला लावलेल्याच फोटोच्या दहा प्रती. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मूळ प्रती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पण लॅमिनेट करू नका. पावसाळ्यात फेऱ्या चालतात, फाईल घरातल्या पत्र्याखालच्या कपाटात नको, पेटीत ठेवा.